विद्येच्या पेढीवरील उमेदवारी

मुलगा किंवा मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी घराबाहेर पडावयाची झाली की आपल्या घरांतून दोन प्रश्न हमखास विचारले जातात. खर्च किती, आणि शिकून झाल्यावर पुढे काय? गेल्या काही वर्षांत त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. विद्यापीठाकडून आलेल्या प्रवेशपत्रात 'टीचिंग असिस्टंटशिप' असे शब्द असतात आणि घरातील वडीलधारी माणसे विचारतात, "आपण शिकायला पाठवतो आहोत ना? मग हे शिकवायचे कुठून आले?"

बँकेतील नोकरीत शैक्षणिक कर्जाची पुष्कळ प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. निवृत्तीनंतरही माधवनगरच्या पेठेतील परिचित कुटुंबे अशी पत्रे घेऊन येतात. त्यांच्या बोलण्यात बहुधा दोन सूर आढळतात. एक सूर अभिमानाचा असतो. "आपल्या घरात काय कमी आहे, म्हणून पोराने दुसऱ्यांचे पेपर तपासत बसावे?" दुसरा सूर व्यवहाराचा असतो. "फी माफ, वर दरमहा पैसे. मग विचार कसला करायचा? होकार कळवून टाका." मला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. साहाय्यक अध्यापनाची जागा ही मजुरी नव्हे आणि खैरातही नव्हे. ती विद्येच्या पेढीवरील उमेदवारी आहे. उमेदवारीकडे ज्या दृष्टीने पाहावयाचे, त्याच दृष्टीने तिच्याकडे पाहिले पाहिजे.

कामाचे स्वरूप

पदव्युत्तर वर्गात किंवा पीएच.डी.साठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्याच विभागातील खालच्या वर्गांच्या अध्यापनात प्राध्यापकांना साहाय्य करावे आणि त्याबद्दल विद्यावेतन किंवा शुल्कमाफी घ्यावी, अशी ही व्यवस्था आहे. मुख्य व्याख्यान प्राध्यापक देतात. त्यानंतर लहान गटांत गणिते सोडवून घेणे, प्रयोगशाळेत उभे राहून प्रयोग करवून घेणे, गृहपाठ व उत्तरपत्रिका तपासणे, ठरलेल्या वेळी विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन करणे आणि परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षण करणे ही कामे साहाय्यकाकडे येतात. काही वर्षांच्या अनुभवानंतर एखादा अभ्यासक्रम संपूर्णपणे त्याच्याकडे सोपविलाही जातो.

आपल्या दुकानांतील रीत आठवली तर हे लगेच ध्यानी येईल. मुलगा मोठा झाला म्हणून त्याला पहिल्याच दिवशी गादीवर कोणी बसवीत नाही. आधी मालाची प्रत ओळखावयाची, मग किर्द लिहावयाची, मग खतावणी, मग वसुलीस जावयाचे, आणि या साऱ्यानंतर सौदा. यात कमीपणा आहे असे कोणी म्हणत नाही. विद्यापीठातील उमेदवारीचीही हीच रीत आहे.

दक्षिणेची फेलोशिप झाली

ही पद्धत अमेरिकेतून आपल्याकडे आली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात तिची मुळे दीडशे वर्षांहून जुनी आहेत. पेशवाईत श्रावणमासात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ नंतर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. त्या निधीचा काही भाग १८२१ साली पुण्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविण्यात आला. पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातील सुधारकांनी अर्ज केला की हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी निर्माण झाली. त्यानंतर याच निधीतून महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमण्याची प्रथा पडली. बुद्धिमान विद्यार्थ्याने स्वतःचा पुढील अभ्यास चालू ठेवावा आणि त्याबरोबर खालच्या वर्गांना शिकवावे, अशी ती योजना होती. आजच्या टीचिंग असिस्टंटचे रूप याहून फारसे निराळे नाही.

मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. ते चारच होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांपैकी रानडे आणि भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. रानडे पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि अर्थशास्त्राचे विचारवंत झाले. भांडारकरांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून लिहिलेली संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके कित्येक पिढ्यांनी अभ्यासली. नवशिक्या विद्यार्थ्यास कोठे अडते हे शिकविणाऱ्यासच कळते. त्या पुस्तकांच्या मांडणीत हे ज्ञान पानोपानी दिसते.

मुलींच्या बाबतीत कचरणाऱ्या पालकांसाठी आणखी एक नाव सांगतो. इरावती कर्वे १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. त्यानंतर दक्षिणा फेलोशिपच्या आधारे त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ साली एम.ए. पदवी मिळविली. पुढे त्या समाजशास्त्र व मानवशास्त्र या क्षेत्रांत देशात अग्रगण्य ठरल्या.

आपल्या भागाविषयी बोलावयाचे तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या भाऊरावांनी तरुणपणी साताऱ्यात शिकवण्या केल्या. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 'कमवा व शिका' हे सूत्र महाराष्ट्रास दिले. शिकताना हाताला काम असणे हे लाजिरवाणे नसून भूषणावह आहे, हा धडा त्यांनी याच मातीत गिरविला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आजही त्याच नावाची योजना चालते. साहाय्यक अध्यापन हे त्याच सूत्राचे पुढचे पाऊल आहे. येथे विद्यार्थी ज्या विद्येसाठी आला, त्या विद्येतच त्याला काम मिळते.

आपल्या देशातील आजची व्यवस्था

ही संधी परदेशातच मिळते असे नाही. 'गेट' परीक्षेतील पात्रतेवर मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक.ला पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. त्याची कमाल मुदत २४ महिन्यांची आहे, म्हणजे एकूण रक्कम २,९७,६०० रुपये होते. त्याबदल्यात आठवड्याला सुमारे ८ ते १० तास अध्यापन व संशोधन साहाय्याचे काम अपेक्षित असते. माधवनगरहून विश्रामबाग किती दूर? तेथील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलांनी पदवीच्या शेवटच्या वर्षीच या परीक्षेचा विचार करावा.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. एम.कॉम. झालेल्यास 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार संशोधक विद्यार्थ्याने अध्यापनाचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे, आणि त्याला आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम देता येते. तासांची ही मर्यादा पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. तिचा उपयोग पुढे होतो.

परदेशातून आलेले पत्र वाचताना

अमेरिकेतील विद्यापीठांत विज्ञान, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र अशा विषयांच्या पीएच.डी. प्रवेशाबरोबर बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन दोन्ही मिळतात. दोन वर्षांच्या मास्टर्स पदवीस मात्र अशी हमी क्वचितच असते. "तिकडे गेल्यावर असिस्टंटशिप मिळेलच" या भरवशावर कर्जाचा आकडा ठरविणे म्हणजे न झालेल्या सौद्यावर उचल घेणे होय.

पत्रात पाच गोष्टी पाहाव्यात. पहिली, शुल्क पूर्ण माफ आहे की अंशतः, आणि विद्यापीठाचे इतर आकार कोणी भरावयाचे. दुसरी, विद्यावेतन किती महिन्यांचे आहे. पुष्कळ ठिकाणी ते ९ महिन्यांचेच असते आणि उन्हाळ्याची सोय स्वतः करावी लागते. तिसरी, आरोग्य विमा त्यात आहे काय. चौथी, ही हमी एका वर्षाची की अधिक वर्षांची, आणि नूतनीकरण कशावर अवलंबून आहे. पाचवी, विद्यावेतनावर कर लागतो. भारत व अमेरिका यांच्यातील कर-करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना तेथील प्रमाणित वजावट घेता येते. मुलांनी विवरणपत्र भरताना हे विसरू नये.

उत्तराची मुदतही पाहावी. आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलपूर्वी होकार देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर घालावयाचे नाही, असा संकेत अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांनी मान्य केला आहे. चार पत्रे यावयाची असतील तर पहिल्याच पत्राला घाईने शब्द देऊ नये. आणि एकदा शब्द दिला की तो व्यापाऱ्याचा शब्द समजावा.

आणखी एक बाब आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावी. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. साहाय्यक अध्यापनाची पूर्ण जागा बहुधा एवढ्याच तासांची असते. तेथे आपल्या नातेवाइकांची दुकाने असतात, मोटेल असतात. "शनिवार-रविवार काकांच्या दुकानात हातभार लाव" असे घरून सहज सांगितले जाते. परवानगीशिवाय असे काम केल्यास व्हिसा धोक्यात येतो. मायेपोटी दिलेला हा सल्ला मुलाचे सारे शिक्षण बुडवू शकतो.

दोन पत्रे, एक निर्णय

काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेतील एका हळद व्यापाऱ्याच्या मुलीपुढे असाच पेच आला. तिने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले होते. एक पत्र नामांकित विद्यापीठाचे होते. पदवी मास्टर्सची, शुल्क पूर्ण. दुसरे पत्र फारशा कोणी न ऐकलेल्या विद्यापीठाचे होते. तेथे पीएच.डी.चा प्रवेश आणि साहाय्यक अध्यापनाची जागा होती. वडिलांचा कल पहिल्या नावाकडे होता. चार लोकांत सांगावयास ते बरे. लग्नाच्या बोलण्यांतही त्याचा उपयोग, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आईची चिंता निराळी होती. पीएच.डी.ची पाच वर्षे म्हणजे मुलीचे वय किती होईल?

मी त्यांच्यासमोर कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे कर्ज, तारण आणि व्याज. दुसरीकडे वर्षे. निर्णय मात्र मुलीनेच घ्यावा असे सुचविले. ती म्हणाली, "काका, पहिल्या ठिकाणी मी गिऱ्हाईक असेन. दुसऱ्या ठिकाणी मी त्यांच्या पेढीतली असेन." हे ऐकून वडील थोडा वेळ गप्प बसले आणि मग हसले.

पुढचा मार्ग सोपा नव्हता. परदेशी साहाय्यकांसाठी अनेक विद्यापीठांत बोलण्याच्या इंग्रजीची स्वतंत्र परीक्षा असते. पहिल्या सत्रात ती तीत उत्तीर्ण झाली नाही आणि तिला वर्गाऐवजी उत्तरपत्रिका तपासण्याचे काम मिळाले. दुसऱ्या सत्रात तिला वर्ग मिळाला. 'नमुना' ही संकल्पना विद्यार्थ्यांना समजेना, तेव्हा तिने सांगलीच्या बाजाराची गोष्ट सांगितली. मूठभर हळकुंडे पाहून व्यापारी सगळ्या ढिगाचा भाव करतो. मग मूठ ढिगाच्या वरच्या थरातूनच घेतली तर काय होईल? त्या दिवशी वर्ग बोलू लागला, असे तिने घरी कळविले. वडिलांच्या धंद्यातील रोजची गोष्ट परक्या देशातील वर्गात शास्त्राचे उदाहरण झाली. ते पत्र वडिलांनी गादीखाली जपून ठेवले आहे.

हिशेब पैशाचा आणि तासांचा

बँकेच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. शैक्षणिक कर्ज एकरकमी उचलावयाचे नसते. ते सत्रागणिक हप्त्यांनी दिले जाते आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. मंजुरी मोठी असली तरी शुल्कमाफी मिळताच बँकेस लेखी कळवून पुढील हप्ता कमी घ्यावा किंवा घेऊच नये. १० टक्के दराने १० लाखांचा एक हप्ता वाचला, तर वर्षाला १ लाख रुपये व्याज वाचते. दुसरी गोष्ट अशी की अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष परतफेडीस सवलत असली, तरी व्याज थांबत नाही. विद्यावेतनातून शिल्लक उरत असेल तर त्या काळातच व्याज भरीत जावे. तसे करणाऱ्यास अनेक बँका व्याजदरात १ टक्का सूट देतात.

पैशाइतकाच हिशेब तासांचा ठेवला पाहिजे. पदवी मिळते ती स्वतःच्या अभ्यासावर आणि प्रबंधावर, शिकविण्यावर नव्हे. होतकरू विद्यार्थी शिकविण्यात रमतात, दहा तासांच्या कामास वीस तास देतात आणि प्रबंध मागे पडतो. काही ठिकाणी साहाय्यकाकडून नेमून न दिलेली कामेही करवून घेतली जातात. यावर उपाय जुनाच आहे. वही घालावी. कोणत्या दिवशी कोणत्या कामास किती वेळ गेला याची रोजची नोंद ठेवावी. तास ठरल्यापेक्षा सातत्याने वाढू लागले तर ती वही घेऊन प्राध्यापकांशी नम्रपणे बोलावे. तोंडी तक्रारीपेक्षा लिहिलेला हिशेब केव्हाही अधिक बोलतो.

शिकविणाऱ्याचे शिक्षण

पैसे आणि तास यांपलीकडे या कामातून जे मिळते ते मला सर्वांत मोलाचे वाटते. आपल्या परंपरेत स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत: वाचणे, विचारणे, मनन करणे, घोकणे आणि शेवटी दुसऱ्यास सांगणे. सांगितल्यावाचून अध्ययन पूर्ण होत नाही, हे त्यांत गृहीत आहे. ज्याला आपण एखादा सिद्धान्त समजला असे वाटते, त्याने तो अठरा वर्षांच्या मुलास समजावून पाहावा. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला जमा आणि नावे या बाजू पोटातूनच कळतात. पण कर्जाऊ आलेले पैसे एका खात्यास नावे आणि दुसऱ्यास जमा का, हे कोऱ्या विद्यार्थ्यास सांगताना त्याला स्वतःला प्रथमच त्यामागचा विचार सापडतो.

उत्तरपत्रिका तपासणे हेही शिक्षणच आहे. तराजू हाती घेणाऱ्याची परीक्षा तेथे होते. ओळखीच्या विद्यार्थ्यास दोन गुण अधिक देण्याचा मोह, कंटाळा आल्यावर शेवटच्या वीस उत्तरपत्रिका घाईने उरकण्याचा मोह, एकाचे गुण दुसऱ्यास सांगण्याचा मोह. खोटे माप न वापरण्याचे व्रत दुकानापुरते नसते. पहिल्या आणि शेवटच्या उत्तरपत्रिकेस एकच माप लावणारा तरुण पुढे व्यवसायात पडो, नोकरीत जावो की प्राध्यापक होवो, त्याच्या शब्दास वजन राहते.

पुढे जे घरच्या व्यवसायातच परतणार आहेत, त्यांना याचा काय उपयोग, असेही विचारले जाते. चाळीस अनोळखी मुलांसमोर उभे राहून अवघड गोष्ट सोपी करून सांगणे, न समजणाऱ्यावर न चिडणे, वरिष्ठांना न दुखविता मतभेद मांडणे आणि ठरल्या दिवशी काम हातावेगळे करणे, यांपैकी कोणती गोष्ट पेढीवर लागत नाही?

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाने किंवा मुलीने असे पत्र आणून दाखविले, तर प्रथम "पैसे किती?" असे विचारू नका आणि "आपल्याला काय गरज?" असेही म्हणू नका. कोणाच्या हाताखाली, कोणता विषय, आठवड्याला किती तास, आणि तुझ्या स्वतःच्या अभ्यासास किती वेळ उरेल, हे चार प्रश्न विचारा. ज्याला या चारही प्रश्नांची उत्तरे देता येतात, त्याने उमेदवारीची पहिली पायरी घरातच ओलांडली असे समजावे आणि त्याला निःशंकपणे होकार द्यावा.